बाल्कनीतली मोरी

घरभर मिळून चौदा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या मी. पांढरा कार्डपेपर, काळं जाड स्केचपेन, दुरून वाचता येईल एवढं अक्षर. ‘कपडे’, ‘पाणी’, ‘दिवा’, ‘संडास’, ‘ब्रश ईथे आहे’. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, अल्झायमरचं निदान होऊन दोन वर्षं झालेली आणि वाईहून आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये येऊन जेमतेम चार महिने. तिला घर सापडत नव्हतं. मग घरावर नावं लिहून ठेवू, असा माझा हिशेब. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला अक्षरं शिकवलेली बाई. बाकी काही गेलं तरी अक्षरं तिला सोडून जाणार नाहीत, असं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आले तर एक चिठ्ठी तपासून ठेवलेली. लाल पेननं. ‘ईथे’मधल्या ‘ई’ला गोल, वर ‘इ’ काढलेली, खाली तिची झोकदार सही आणि तारीख ४ जुलै १९८६. आणि आई ‘संडास’ लिहिलेल्या बंद दारासमोर उभी, साडी ओली.

“आई, काय लिहिलंय इथं?”

“संडास,” ती म्हणाली. अनुस्वार नाकातून नीट काढून. “अक्षर बरं आहे. ओळ वर गेलीय.”

अक्षरं राहिली होती हे खरंच. अक्षर वाचल्यावर दार ढकलून आत जायचं असतं, हा मधला सांधा निखळला होता.

डॉक्टरांनी हे पाच मिनिटांत समजावून दिलं होतं, मला कळायला मात्र वर्ष गेलं. अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग लवकर खराब होतो. नव्या गोष्टी साठवायचं काम त्याचं. म्हणून सकाळी दाखवलेली खोली दुपारी नवी. पण हातापायांनी वर्षानुवर्षं केलेल्या कामांची आठवण मेंदूत दुसरीकडे असते आणि ती बरीच टिकते. सायकल, वाती वळणं, कणीक मळणं. मोठ्यानं वाचणं हेही असंच अंगवळणी पडलेलं काम. त्यामुळे आई माझ्या चिठ्ठ्या वाचत होती ते पोपटासारखं, आणि मी समजत होते की तिला समजतंय.

न्हाणीघरातला प्रकार त्याहून जुना. आमच्या बाथरूममध्ये वर-खाली, डावी-उजवीकडे होणारा एकच दांडा असलेला नळ आहे. सुंदर आहे. आम्ही तो दोन दुकानं फिरून निवडला होता. आई त्याच्यासमोर रिकामी बादली ठेवून पाटावर बसायची. अर्धा-अर्धा तास. बाहेरून विचारलं की म्हणायची, “अजून आलं नाही पाणी.” वाईला नळाला ठरावीक वेळेलाच पाणी यायचं, त्यामुळे थांबण्यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. मला वाटायचं, हट्ट करते. दोन-तीनदा मी बोललेही, नको तसं. “एवढा साधा नळ उघडता येत नाही?”

तो नळ साधा नाही हे मला थेरपिस्टबाईंनी दाखवलं.

डॉक्टरांच्याच ओळखीतून एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रुग्णाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञ, घरी आल्या. मला अपेक्षा होती की त्या आईची परीक्षा घेतील, घड्याळ काढा, आज वार कोणता, वगैरे. त्यांनी आईला नमस्कार केला, चहा घेतला आणि मग दीड तास माझ्या घराची परीक्षा घेतली. पहिली गोष्ट केली ती अशी, की माझा फोन मागितला, कॅमेरा कृष्णधवलवर लावला आणि म्हणाल्या, “आता प्रत्येक खोलीचा एक फोटो काढा. आईच्या उंचीवरून. गुडघ्यात वाका जरा.”

फोटो बघितले आणि मी गार पडले. बाथरूमच्या फोटोत कमोड नव्हताच. पांढरी भिंत, पांढरी फरशी, पांढरा कमोड, पांढरं झाकण. सगळं मिळून एक धुकट चौकोन. जेवणाच्या टेबलाच्या फोटोत स्टीलचं ताट म्हणजे दिव्याची एक तिरीप, आणि त्यात दहीभात कुठे सुरू होतो नि संपतो ते कळत नव्हतं. दारातलं गडद चॉकलेटी पायपुसणं मात्र ठसठशीत. जमिनीला पाडलेल्या भोकासारखं.

“वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळट होत जातं, रंगांतला फरक कमी दिसतो,” बाई सांगत होत्या. “त्यात आजारामुळे खोलीचा अंदाज जातो. काळा चौकोन म्हणजे खड्डा, चकचकीत फरशी म्हणजे पाणी. आई चालताना निऱ्या उचलते का हो?”

उचलायची. हॉलमधून जाताना दोन्ही हातांनी निऱ्या घोट्याच्या वर धरून, घाटाच्या शेवटच्या पायरीवरून कृष्णेत उतरल्यासारखी पाय टाकायची. आम्ही त्याला तिची लकब समजत होतो. माझ्या मुलानं तर एकदा नक्कलही केली होती. आणि पायपुसणं ती नेहमी वळसा घालून ओलांडायची. मी ते दर वेळी सरळ करून परत तिथंच ठेवायचे.

नळाबद्दल बोलताना त्यांनी जेम्स गिब्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव घेतलं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकाला विमान उतरवताना जमीन नेमकी कशी दिसते, याचा अभ्यास त्यानं हवाई दलासाठी केला होता. पुढे त्यानं मांडलं, की आपण जगाकडे बघतो तेव्हा नुसते आकार आणि रंग दिसत नाहीत, त्या गोष्टीचं काय करता येईल हे थेट दिसतं. गुडघ्याएवढ्या उंचीचा सपाट दगड ‘बस’ म्हणतो. दांडी ‘धर’ म्हणते. यासाठी त्यानं ‘अफॉर्डन्स’ असा शब्द घडवला. मराठीत मी त्याला माझ्यापुरतं ‘वस्तूचं बोलावणं’ म्हणते. १९८८ मध्ये डोनाल्ड नॉर्मन या अभ्यासकानं तोच शब्द रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या रचनेत आणला. ज्या दारावर ‘ढकला’ किंवा ‘ओढा’ असं लिहावं लागतं ते दार बनवणाऱ्यानंच चुकवलंय, असं त्याचं म्हणणं. अशा दारांना लोक आता त्याच्याच नावानं ओळखतात. मी चौदा चिठ्ठ्यांकडे बघितलं. चौदा ठिकाणी माझं घर मुकं होतं.

आणि खरंच, आमच्या फ्लॅटमध्ये मुकेपणा आम्ही पैसे मोजून आणला होता. स्वयंपाकघरातल्या कपाटांना मुठी नाहीत. दाबलं की उघडतात. कोरी, सलग, राखाडी भिंत. आई त्या भिंतीसमोर उभी राहून इकडे-तिकडे बघायची, पाहुण्याच्या घरी चुकून आत आल्यासारखी. दिव्यांची बटणं सपाट, बोट टेकवलं की लागणारी. पाणी शुद्ध करायच्या यंत्रावर तीन निळे ठिपके. यातलं काही तिला ‘ये’ म्हणत नव्हतं.

पण उलटा प्रकारही होता, आणि मला लाज वाटते तो त्याची.

आई बाल्कनीच्या कोपऱ्यात लघवीला बसायची. आठवड्यातून दोन-तीनदा. शेजारच्या इमारतीतून दिसतं. मी चिडायचे, रडायचे, तिला हाताला धरून ओढत आत आणायचे, आणि ती गोरीमोरी व्हायची. थेरपिस्टबाईंनी त्या कोपऱ्याचाही फोटो काढायला लावला. त्यात काय होतं? एक कोपरा. तिथं फरशीला उतार. पाणी जायला गोल जाळी. बाजूला चार बोटं उंचीचा कट्टा, वरती एक नळ, साध्या तोटीचा, झाडांसाठी. त्याखाली प्लास्टिकचा मग आणि बादली.

“हे तुम्हाला काय वाटतं?” त्यांनी विचारलं.

मोरी. ती मोरी होती. वाईच्या घरात माजघराच्या कोपऱ्यात होती तश्शी, उताराची, कट्ट्याची, भोकाची. रात्री-अपरात्री परसात कोण जाणार, घरातल्या बायका आणि पोरं तिथंच बसायची आणि वरून दोन तांबे पाणी टाकायची. आई पाणीसुद्धा टाकत होती. मागे वळून आठवलं तर दर वेळी कोपरा धुतलेला असायचा. आम्ही तो तिचा वेडेपणा धरला. उलट साऱ्या घरात तेवढा एकच कोपरा तिच्याशी स्पष्ट मराठीत बोलत होता, आणि ती त्याचं ऐकत होती.

तिथून पुढचं वर्ष मी घर तिच्या बोलीत आणायचा प्रयत्न केला. थोडं जमलं, बरंच फसलं.

संडासाचं सर्वांत आधी. कमोडवर गडद निळी बैठक बसवली. साडेसातशे रुपये. दार दिवसभर उघडं, आत मंद दिवा रात्रभर. आणि तिचा पलंग फिरवला, असा की डोळे उघडल्यावर समोर ती निळी बैठक दिसावी. अशा रुग्णांना कमोड नजरेसमोर असला तर ते जास्त वेळा स्वतःहून जातात, हे परदेशातल्या वृद्धाश्रमांत तपासून पाहिलेलं आहे. पलंगावरून कमोड दिसणं ही वास्तुशास्त्रवाल्या आमच्या नणंदेला फार खटकलेली गोष्ट. तिला म्हटलं, ये आणि महिनाभर साड्या धू. पंधरा दिवसांत ओल्या साड्या निम्म्यावर आल्या. पूर्ण थांबल्या नाहीत.

बाल्कनीच्या कोपऱ्याला मात्र ‘नको’ म्हणायला शिकवायचं होतं, आणि तेही न बोलता. नवऱ्याला सुचलं ते आपल्याकडच्या जिन्यांवरून. मुंबईत जुन्या इमारतींच्या जिन्याच्या कोपऱ्यात साईबाबा, गणपती, क्रूस अशा टाइल्स लावलेल्या असतात, लोकांनी पानाच्या पिचकाऱ्या मारू नयेत म्हणून. ‘येथे थुंकू नये’ ही पाटी कुणी वाचत नाही, टाइल सगळ्यांना वाचता येते. त्यानं कोपऱ्यात तुळस आणून ठेवली. कुंडीला पुढून गेरूचा हात, शेजारी पणती. आई दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत गेली, थबकली, पदर डोक्यावर घेतला आणि मगानं पाणी घातलं. मग परत पाणी घातलं. दिवसभरात आठ-दहा वेळा. महिन्याभरात तुळस कुजली. त्या वर्षात आम्ही पाच तुळशी आणल्या. मोरी बंद झाली ती झालीच.

नळासाठी प्लंबरला बोलावलं तेव्हा त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं. “ताई, लोक तोटी काढून हे बसवतात. तुम्ही उलटं करताय.” पितळी, चार पाकळ्यांच्या चावीचा नळ नव्या दुकानांत नव्हता. ठाण्याच्या बाजारातल्या एका जुन्या हार्डवेअरच्या दुकानात, माळ्यावरून, धुळीसकट काढून दिला. गरम पाण्याचा धोका होता म्हणून गिझर कमीवर ठेवला. नळ बसवल्यावर मी आईला काहीच सांगितलं नाही. ती आत गेली, बादली ठेवली, हात आपोआप चावीवर गेला, मनगट फिरलं. पाण्याचा आवाज आला आणि मी दाराबाहेर उभी राहून ऐकत राहिले. त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, आपण अठ्ठावीस हजारांचं बाथरूम करून घेतलं होतं, चालू आज झालं.

पाणी पिण्याचंही तसंच. ती दिवस दिवस पाणी प्यायची नाही. एप्रिलमध्ये मूत्रमार्गाचा संसर्ग होऊन चार दिवस हॉस्पिटलात काढले. बाटली तिच्या उशाशी असायची, झाकण फिरवायचं असतं हे तिला उमजत नव्हतं. मी माळ्यावरून तिचाच तांब्या काढला, चिंचेनं घासला, भरला, त्यावर फुलपात्र पालथं घातलं. बस. तांब्यावर पालथं फुलपात्र म्हणजे आत प्यायचं पाणी आहे, झाकलेलं आहे, तुझ्यासाठी आहे. हे वाक्य तिला कुणी शिकवायला लागलं नाही. दिवसाला तीन तांबे रिकामे होऊ लागले.

जेवणाची गोष्ट इतकी सरळ गेली नाही. बाईंनी सांगितलं होतं, की बोस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००४ साली अल्झायमरच्या रुग्णांना पांढऱ्याऐवजी भडक रंगाच्या ताटल्यांत वाढून पाहिलं, तर ते सुमारे २५ टक्के जास्त जेवले. अन्न ताटापासून वेगळं दिसलं, एवढंच कारण. मी त्याच दिवशी लालभडक मेलामाइनची ताटली घेऊन आले. वरण-भात वाढला. फोटो काढून पाहिला, एकदम झकास वेगळा दिसत होता.

आईनं ताटली बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि ताटली हातानं लांब सारली. “असल्यात कुत्र्याला घालतात.”

लाल रंगानं त्याचं काम केलं होतं. पण वस्तू एकाच वेळी दोन गोष्टी बोलते. ‘इथे भात आहे’ हे ताटलीनं सांगितलं आणि लगोलग ‘तू या घरात परकी आहेस’ हेही सांगितलं. तिच्या घरात वेगळं ठेवलेलं भांडं कुणासाठी असायचं, ते तिला पक्कं ठाऊक होतं. संशोधनाचा निष्कर्ष बरोबर असेल, पण तो तपासला गेला पांढऱ्या चिनी मातीच्या ताटल्यांच्या देशात.

हिरव्या पानावर भात ठळक दिसतो म्हणून केळीचं पान आणलं. पान बघून तिचा चेहरा उजळला आणि तिनं विचारलं, “लग्न कुणाचं?” मग ती जेवेचना, कारण पंगतीतल्या बाकीच्यांना वाढलेलं नव्हतं. आम्ही तिघं दोन बाजूंना पानं घेऊन बसलो. तिनं श्लोक म्हटला, चित्राहुती घातल्या आणि चट्टामट्टा केलं. रोज केळीचं पान परवडणारं नव्हतं आणि रोज लग्नही. शेवटी स्टीलच्या ताटात बसेल एवढी गोल पत्रावळ, असा तोडगा निघाला. गडद तपकिरी पानांवर पांढरा भात. खाली ताट आपलं, स्टीलचंच.

ताटात आणखी एक शिकले. बाईंच्या सल्ल्यानुसार मी एका वेळी एकच पदार्थ वाढत होते, गोंधळ नको म्हणून. आई अस्वस्थ व्हायची. बोटं ताटाच्या डाव्या कडेवरून फिरायची, काहीतरी शोधत. एकदा सहज मी वर मीठ, डावीकडे लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि मध्ये भाताची मूद असं रीतसर वाढलं. बोटं थांबली. डावी बाजू रिकामी असलेलं ताट तिच्या लेखी वाढून झालेलंच नव्हतं, आणि अर्धवट वाढलेल्या ताटावर कोण जेवायला सुरुवात करतं? बाईंना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या मोकळेपणानं हसल्या, “हे मला माझ्या कोर्सात नव्हतं हो.”

आरशाचं थोडक्यात सांगते. तिच्या खोलीतल्या कपाटाला पूर्ण उंचीचा आरसा होता. त्यातल्या बाईला ती “या, बसा ना” म्हणायची, आणि ती बाई बसली नाही की नाराज व्हायची. रात्री घाबरायची. आम्ही आरशावर जुनी इरकल टांगली. गंमत म्हणजे कुंकवाच्या करंड्यासोबतचा छोटा आरसा तिला बराच काळ कळत राहिला. त्यात दिसणारी बाई तीच आहे याबद्दल तिला शंका नव्हती, कारण दुसऱ्याच्या कपाळाला कुंकू लावताना आरसा कोण धरतं!

दाराचं मात्र मला अजून नीट सुटलेलं नाही.

संध्याकाळी पाच-साडेपाच झाले, की आईची घालमेल सुरू व्हायची. “निघते मी. दिवेलागण झाली. घरी वाट बघत असतील.” दिवस मावळताना अशा रुग्णांची तगमग वाढते, हे माहीत होतं. माहीत असल्यानं काही उपयोग होत नाही. एकदा ती लिफ्टनं खाली जाऊन गेटच्या बाहेर पोचली होती. मग दारावर भिंतीच्याच रंगाचा पडदा लावायचा, म्हणजे दार दिसणार नाही, असा उपाय सगळीकडे सुचवतात. लावला. काम करतो. पण तो ओढताना मला दर वेळी खोटं बोलल्यासारखं वाटायचं. जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहराच्या बेनराथ भागातल्या एका वृद्धाश्रमानं २००८ च्या सुमारास दारासमोर बसचा खोटा थांबाच उभारला. खांब, पाटी, बाकडं, सगळं. बस कधी येत नाही. घरी निघालेले आजी-आजोबा तिथं येऊन बसतात, थोड्या वेळानं घरी जायचं होतं हेच विसरतात, मग कुणीतरी येऊन कॉफीला आत नेतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते क्रूर वाटलं. आता वाटत नाही, किंवा निदान माझ्या पडद्यापेक्षा जास्त क्रूर वाटत नाही.

पडद्याहून जास्त फरक पडला तो एका बिनखर्ची गोष्टीनं. एक दिवस लक्षात आलं, की आई दाराकडे जात नाही, आई चपलांकडे जाते. दाराशेजारी उघड्या रॅकमध्ये सगळ्यांच्या चपला, वर खुंटीला छत्री, पिशवी आणि किल्ल्या. ही सगळी मंडळी दिवसभर एकच घोषणा देत होती, ‘निघा’. चपला आतल्या बंद कपाटात गेल्या, खुंटी रिकामी झाली. संध्याकाळच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हापासून आमच्या घरात येणारा प्रत्येक जण दारात चपला काढतो, हातात घेतो आणि आत नेऊन ठेवतो. पाहुण्यांना विचित्र वाटतं.

आणि मग ती ओसरी. वाईच्या घरात संध्याकाळी घराबाहेर पडायची गरजच नव्हती, कारण घरातच एक अशी जागा होती जी धड आत नाही, धड बाहेर नाही. जोत्यावर बसायचं, रस्त्यावरचा माणूस दिसतो, दोन शब्द होतात, पाठीमागे घर. फ्लॅटला ते नसतं. दार बंद म्हणजे आत, उघडलं की लिफ्ट. मी बाल्कनीच्या दारात एक लाकडी बाकडं टाकलं, शेजारी परडीत कापूस. पाचला मदतनीस मावशी तिला तिथं बसवायच्या. खाली रिक्षा, शाळेतून येणारी मुलं, भाजीची गाडी. तिची बोटं वाती वळायची. किती वळल्या असतील! माझ्याकडे अजून तीन मोठे डबे भरून आहेत, सगळ्या एका मापाच्या.

हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमजवळ वेस्प इथं स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी एक अख्खी वस्ती आहे, होगेवेक, २००९ साली सुरू झालेली. सुरुवातीला दीडेकशे माणसं, घरं, चौक, दुकान. मला त्यातली आवडलेली बाब वेगळीच आहे. त्यांनी सुरुवातीला घरं वेगवेगळ्या राहणीची सजवली होती. शहरी, कारागिरांची, आणि आयुष्य डच वसाहतीत, म्हणजे आजच्या इंडोनेशियात गेलेल्यांसाठी तिकडच्या धर्तीचीसुद्धा. इथं आपल्याकडे मी एक-दोन वृद्धाश्रम बघून आले, पुढची सोय म्हणून. स्वच्छ होते, माणसं चांगली होती. पांढऱ्या भिंती, पांढरे कमोड, चकचकीत फरशा, आणि प्रत्येक दारावर पाटी. मला माझ्या चौदा चिठ्ठ्या आठवल्या आणि मी परत आले.

हे सगळं करून आई बरी झाली असं कुणी समजू नये. हा आजार पुढेच जातो. आमच्या वस्तू एकेक करून गप्प होत गेल्या. आधी पितळी नळ गेला. ती चावी धरायची, पण फिरवायची नाही, नुसती धरून बसायची, जशी कुणाची मूठ धरावी. मग आरशासकट करंडा. वाती शेवटी-शेवटी नुसते कापसाचे गोळे झाले. चिठ्ठ्या मी केव्हाच काढल्या होत्या, लाल पेनवाली एक सोडून. ती तिच्या कपाटावर आहे अजून. आपली चूक तपासलेली बरी वाटते डोळ्यांसमोर.

तांब्या मात्र बोलत होता. गेल्या मे महिन्यातली संध्याकाळ. मी ऑफिसातून आले, घामाघूम, दारात चपला काढल्या आणि हातात घेऊन आत वळले. आई बाकड्यावर होती. मला ती त्या सुमारास ओळखत नव्हती. कधी मी तिची अक्का असायचे, बहुतेक वेळा कुणीच नाही. माझ्याकडे बघून ती हळूहळू उठली, तिवईवरच्या तांब्याकडे गेली, फुलपात्र सुलटं केलं, भरलं. थोडं सांडलं. दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

“घ्या. उन्हातून आलात. गुळाचा खडा देऊ?”

मी एका हातानं पाणी घेतलं. दुसऱ्या हातात चपला होत्या.

“चपला हातात घेऊन काय उभ्या राहिलात?” ती म्हणाली. “ठेवा की तिथं दारात. कुणी नेत नाही इथं.”

मी दाराशी गेले, पडदा बाजूला केला आणि चपला तिथं ठेवल्या.